सैनिकांना पिवळं करणारी गोळी सक्तीची करणारे डॉक्टर फेअर्ली, एकेकाळी मुंबईत नारूवर संशोधन करायचे

२०२० चा एप्रिल महिना आठवतोय का? लॉकडाऊनमध्ये एका गोळीचं नाव घराघरात पोहोचलं होतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. मलेरियाची ही गोळी भारतानं अमेरिकेला पाठवली, त्यावरून राजकारण झालं, मेडिकल दुकानांत तुटवडा पडला. त्यावेळी सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती ल्युपस आणि संधिवाताच्या पेशंटनी. कारण कोरोना असो वा नसो, त्यांना ही गोळी रोज लागते.

पण मलेरियाची गोळी त्वचेच्या आणि सांध्यांच्या आजारावर कशी काय चालते?

याचं उत्तर शोधत मागं गेलं की आपण थेट दुसऱ्या महायुद्धात पोहोचतो. न्यू गिनीच्या जंगलात लाखो सैनिक रोज एक कडू, पिवळी गोळी गिळत होते. त्या गोळीनं त्यांची कातडी पिवळी पडायची. काही जणांच्या अंगावर तर जांभळे चट्टे उठायचे, केस गळायचे, घाम येणं बंद व्हायचं. तरीही ती गोळी थांबली नाही. उलट ती घेतली नाही तर शिक्षा व्हायची.

ऑस्ट्रेलियन सैन्यात ही सक्ती ज्यांच्या संशोधनावर उभी होती त्या डॉक्टरांचं नाव सर नील हॅमिल्टन फेअर्ली. आणि त्यांच्या आयुष्यातली तीन महत्त्वाची वर्षं आपल्या मुंबईत गेली होती.

बँक मॅनेजरचा मुलगा

फेअर्लींचा जन्म १५ जुलै १८९१ चा. गाव इंगलवूड, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं. वडील बँकेत मॅनेजर. सहा भावांत यांचा नंबर तिसरा. पोरगं अभ्यासात हुशार आणि मैदानावरही तितकंच पुढं. मेलबर्न विद्यापीठात शिकताना उंच उडीत त्यांनी आंतरविद्यापीठ स्पर्धा मारली होती आणि टेनिसमध्ये राज्याकडून खेळले होते.

१९१५ साली डॉक्टर झाले तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. लष्कराच्या छावण्यांमध्ये मेंदूज्वराची साथ आली होती. तरण्याताठ्या पोरांना ताप यायचा, मान आखडायची आणि काही दिवसांत खेळ संपायचा. फेअर्लींनी या साथीतल्या पेशंटच्या नोंदी गोळा केल्या. पुढं सरकारनं छापलेल्या एका अहवालात सहाशेहून जास्त केसेसचा हिशोब मांडला गेला. त्यातले निम्म्याहून जास्त दगावले होते.

सैन्यातला आजार, हजारो माणसं आणि आकड्यांत मांडलेला हिशोब. फेअर्लींचं पुढचं सगळं आयुष्य याच वाटेनं गेलं.

१९१६ ला ते इजिप्तला रवाना झाले. कैरोच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये त्यांना चार्ल्स मार्टिन भेटले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे हे संचालक म्हणजे फेअर्लींचे खरे गुरू. हगवण, टायफस, मलेरिया आणि नाईल नदीच्या पाण्यातून होणारा बिल्हार्झिया, या सगळ्यांशी त्यांची गाठ इथंच पडली. उष्ण कटिबंधातले आजार हाच आपला विषय, हे त्यांनी इथं पक्कं केलं.

मुंबईत आले, पण खुर्चीच गायब

१९२२ साली मुंबईच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये टाटांच्या नावाचं एक प्राध्यापकपद भरायचं होतं. पाच वर्षांची नेमणूक होती. फेअर्लींची निवड झाली आणि ते बोटीनं मुंबईत आले.

इथं येऊन बघतात तर काय, सरकारनं काटकसरीच्या नावाखाली ते पदच रद्द केलेलं. ना लॅब, ना वॉर्ड, ना खाटा. दुसरा कुणी असता तर परतीचं तिकीट काढलं असतं. फेअर्लींनी गव्हर्नरकडे दाद मागितली. मग त्यांच्यासाठी मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत जागा करण्यात आली आणि जे. जे. आणि सेंट जॉर्ज या हॉस्पिटलांत मानद डॉक्टर म्हणून पेशंट बघण्याची सोय झाली.

ही लॅबोरेटरी म्हणजे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधली. प्लेगची लस बनवणारे हाफकिन जिथं काम करायचे तीच जागा. १९२५ साली तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं आणि आजही ती त्याच आवारात उभी आहे.

इथं फेअर्लींनी हात घातला तो नारूला.

आजच्या पिढीला नारू माहीत नाही, पण आजी-आजोबांना विचारा. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातल्या बारीक किड्यांबरोबर नारूची अळी पोटात जायची. सुमारे वर्षभरानं पायाला फोड यायचा आणि त्यातून हात-दोन हात लांबीचा पांढरा जंत बाहेर डोकवायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणावर. लॅबचे संचालक ग्लेन लिस्टन यांच्यासोबत फेअर्लींनी या जंतानं शरीरात नेमकं काय होतं याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. भारतातून नारू पूर्ण हद्दपार झाल्याचं शिक्कामोर्तब व्हायला पुढं २००० साल उजाडलं.

दुसरा आजार होता स्प्रू. यात जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि माणूस वाळत जातो. फेअर्ली त्यावर काम करत होते आणि काम करता करता त्यांनाच स्प्रू झाला. तब्येत इतकी ढासळली की १९२५ साली त्यांना मुंबई सोडून इंग्लंडला जावं लागलं. जाताना मुंबईनं त्यांना एक आजार दिला आणि एक जोडीदारही. मेरी ग्रीव्ह्ज यांच्याशी त्यांची ओळख इथंच झाली होती. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. फेअर्लींचं हे दुसरं लग्न, आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

औषधच आजार देतं तेव्हा

तब्येत सावरल्यावर ते काही काळ मेलबर्नला परतले आणि तिथं सापाच्या विषावर काम केलं. मग लंडनला स्थायिक झाले. हॉस्पिटल फॉर ट्रॉपिकल डिसीजेसमध्ये डॉक्टर, शिवाय शिकवणं आणि स्वतःची प्रॅक्टिस.

याच काळात त्यांनी ब्लॅकवॉटर फीवर या आजाराचा पाठलाग केला. मलेरियाच्या पेशंटची लघवी अचानक काळी पडायची. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग लघवीतून बाहेर यायचा. बऱ्याच जणांचा जीव जायचा. यातली मेख अशी की हा आजार बहुतेक करून अनियमितपणे क्विनीन घेणाऱ्यांना व्हायचा. क्विनीन म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीपासून बनणारं औषध, जुनी माणसं ज्याला कोयनेल म्हणायची तेच. म्हणजे मलेरियावरचं एकमेव भरवशाचं औषध काही पेशंटच्या जिवावर उठत होतं. पेशी फुटल्यावर रक्तात तयार होणारं मेथेमाल्ब्युमिन नावाचं रंगद्रव्य फेअर्लींनीच शोधून काढलं.

औषध लाखोंना वाचवतं, पण थोड्यांना त्याची किंमत मोजावी लागते. हा हिशोब फेअर्लींना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच ठाऊक झाला होता. युद्धात तो कितीतरी मोठ्या आकड्यांत समोर येणार होता.

जपाननं क्विनीनच पळवलं

१९४० साली फेअर्ली पुन्हा वर्दीत आले. ऑस्ट्रेलियन सैन्याचे सल्लागार डॉक्टर म्हणून मध्यपूर्वेत नेमणूक झाली. १९४१ च्या सुरुवातीला ब्रिटिश ग्रीसमध्ये सैन्य उतरवायच्या तयारीत होते. फेअर्ली आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन बॉयड यांनी सेनापती वेव्हेल यांना लेखी इशारा दिला की उन्हाळ्यात मॅसेडोनियाच्या खोऱ्यात सैन्य ठेवलं तर मलेरियाच त्याला संपवेल. या इशाऱ्याला आधार होता. पहिल्या महायुद्धात त्याच भागात ब्रिटिश सैन्यातल्या मलेरियाच्या पेशंटना दीड लाखाहून जास्त वेळा हॉस्पिटलात भरती करावं लागलं होतं. वेव्हेल सुरुवातीला वैतागले, पण नंतर त्यांना हे म्हणणं ऐकावं लागलं.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरलं आणि चित्रच पालटलं. त्यावेळी जगातलं सुमारे ९० टक्के क्विनीन एकट्या जावा बेटावरून यायचं. जपानी फौजा तिकडेच सरकत होत्या. फेअर्ली जानेवारी १९४२ मध्ये जावात पोहोचले आणि मिळेल तेवढं क्विनीन विकत घ्यायची व्यवस्था केली. आकडा होता तब्बल १२० टन. माल जहाजांवर चढवायचं ठरलं, पण त्यातला बहुतेक माल ऑस्ट्रेलियाला पोहोचलाच नाही. स्वतः फेअर्ली जावा पडायच्या थोडे दिवस आधी निसटले. मार्चमध्ये बेट जपानच्या ताब्यात गेलं आणि दोस्त राष्ट्रांचं क्विनीन बंद झालं.

नेमक्या त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन सैनिक न्यू गिनीत जपान्यांशी लढायला उतरले. डोंगर, चिखल, पाऊस आणि डास. कोकोडाच्या वाटेवर हगवणीनं फौज लोळायला लागली तेव्हा फेअर्लींनी सल्फाग्वानिडीन या नव्या औषधाचा देशात असेल नसेल तेवढा साठा तिकडं पाठवायला लावला आणि साथ आटोक्यात आली. पण मलेरियावर असा झटपट उपाय नव्हता. लढाईत जखमी झालेल्यांच्या कित्येक पट सैनिक मलेरियानं बाद होत होते. बर्मा सीमेवरही तेच. जनरल स्लिम यांच्या हिशोबानं १९४३ मध्ये तिथं एका जखमी सैनिकामागं १२० आजारी सैनिक मागं पाठवावे लागत होते. या फौजेतले बहुसंख्य जवान भारतीय होते.

रंगाच्या कारखान्यातून आलेली गोळी

क्विनीन गेलं. उरलं काय? ॲटेब्रिन. याचंच दुसरं नाव मेपाक्रीन.

गंमत म्हणजे हे औषध शत्रूचं होतं. १९३० च्या आसपास जर्मनीत बायर कंपनीच्या संशोधकांनी ते शोधलं. जर्मन केमिस्ट कापडाचे रंग बनवण्यात तरबेज. काही रंग जंतूंना चिकटून त्यांना मारतात हे लक्षात आल्यावर त्यांनी रंगांपासून औषधं बनवायला सुरुवात केली. ॲटेब्रिन त्यातलंच एक. मुळात तो पिवळा रंगच. म्हणून गोळी घेणाऱ्याची कातडी काही आठवड्यांत लिंबासारखी पिवळी व्हायची. नवख्या माणसाला वाटावं अख्ख्या पलटणीला कावीळ झालीय.

अमेरिका आणि ब्रिटननं ही गोळी स्वतःच्या कारखान्यांत बनवायला घेतली. फेअर्ली १९४२ च्या शेवटी या दोन्ही देशांत जाऊन आले. औषध, मच्छरदाण्या, डास पळवणारी मलमं यांच्या पुरवठ्यासाठी त्यांनी अक्षरशः भीक मागितली म्हटलं तरी चालेल.

पण गोळी हातात आली तरी मोठे प्रश्न होतेच. किती घ्यायची? रोज की आठवड्यातून दोनदा? ती मलेरिया थांबवते की नुसती दाबून ठेवते? दमलेल्या, भिजलेल्या, उपाशी सैनिकातही ती काम करते का? उत्तरं कुणाकडेच नव्हती.

केर्न्सची प्रयोगशाळा

जून १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला केर्न्स शहरात लष्कराचं मलेरिया संशोधन केंद्र सुरू झालं. कल्पना आणि दिशा फेअर्लींची. इथं प्रयोग उंदरांवर होत नव्हते. प्रयोग होत होते जिवंत सैनिकांवर.

सैन्यातून स्वयंसेवक मागवण्यात आले आणि शेकडो जण पुढं आले. जोसेफीन मॅकेरस या कीटकशास्त्रज्ञ बाई न्यू गिनीतल्या जातीचे डास वाढवायच्या, त्यांना मलेरियाच्या पेशंटचं रक्त पाजायच्या. मग ते डास काचेच्या नळकांड्यातून स्वयंसेवकाच्या हातावर सोडले जायचे. चावून झाले की वाट बघायची.

काही जणांना रोज १०० मिलिग्रॅमची एक ॲटेब्रिन दिली जायची. वर त्यांच्याकडून जंगलातल्या लढाईसारखे हाल काढून घेतले जायचे. डोंगरातून लांब पायपीट, लाकडं फोडणं, थंडगार खोलीत कुडकुडत बसणं, विरळ हवेत श्वास घेणं. एवढं करूनही गोळी सुरू होती तोवर ताप येत नव्हता.

केर्न्सचे निष्कर्ष स्पष्ट होते. रोज एक गोळी घेतली तर मलेरिया डोकं वर काढत नाही. डासांच्या भागातून बाहेर पडल्यावर चार आठवडे गोळी सुरू ठेवली तर जीवघेणा फाल्सिपेरम मलेरिया मुळापासून जातो. व्हायव्हॅक्स मात्र फक्त दबून राहतो. गोळी थांबली की काही दिवसांनी ताप परत येतो.

याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट सापडली. डास चावल्यानंतर मलेरियाचे जंतू तासाभरातच रक्तातून नाहीसे होतात आणि काही दिवसांनी पुन्हा रक्तात दिसतात. मधल्या काळात ते कुठं असतात? शरीरात कुठंतरी लपून वाढतात, हे यावरून उघड झालं. ती जागा म्हणजे लिव्हर, हे युद्धानंतर लंडनमध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवून दिलं.

गोळी खाल्ली की नाही, तोंड उघडून दाखव

आता फेअर्लींकडे पुरावा होता. जून १९४४ मध्ये अॅथर्टन पठारावर मोठ्या अधिकाऱ्यांची परिषद झाली आणि तिथं हा हिशोब मांडला गेला. सेनापती ब्लेमी पूर्णपणे फेअर्लींच्या बाजूनं होते. ठरलं असं की मलेरिया ही डॉक्टरची नाही, तर कमांडरची जबाबदारी. पलटणीत मलेरिया वाढला तर जाब कमांडरला.

मग रोज परेड भरायची. अधिकारी समोर उभा, सैनिक रांगेत. गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. सैनिकांना ती नको असायची. चव कडू, पोटात मळमळ, अंग पिवळं. त्यात अफवा पसरली की या गोळीनं पुरुषत्व जातं. झालं, पोरं गोळी जिभेखाली लपवून नंतर थुंकायला लागली. बर्मात स्लिम यांनी तर अचानक तपासणी सुरू केली. ज्यांच्या पलटणीत गोळी घेणारे ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी सापडले अशा तीन कमांडरना त्यांनी घरी बसवलं.

परिणाम काय झाला? न्यू गिनीतल्या ऑस्ट्रेलियन सैन्यात डिसेंबर १९४३ मध्ये मलेरियाचं प्रमाण वर्षाला दर हजारी ७४० होतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते दर हजारी २६ वर आलं. जपानी सैन्य त्याच जंगलात मलेरियानं झिजत होतं.

आणि मग चट्टे दिसायला लागले

पण याच काळात लष्करी हॉस्पिटलांत एक वेगळाच पेशंट दिसू लागला. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन, दोन्ही सैन्यांत.

हातापायांवर, चेहऱ्यावर, ओठांवर जांभळट, जाड, खवलेदार चट्टे. भयंकर खाज. तोंडात आतून पांढरे डाग. काहींची नखं खराब झाली, डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळाले. चट्टे बरे झाले तरी तिथं काळे डाग आणि पातळ कातडी राहायची. काहींच्या घामाच्या ग्रंथीच मेल्या. अशा माणसाला उन्हात काम करणं अशक्य, कारण घामच येत नसल्यानं अंग थंड होत नाही. हे चट्टे लायकेन प्लॅनस या आजारासारखे दिसायचे, म्हणून या प्रकाराला लायकेनॉइड डर्मेटायटिस असं नाव पडलं.

कारण ओळखणं सोपं नव्हतं. जंगलात कातडीचे आजार कुणाला नव्हते? घामोळं, गजकर्ण, जखमा चिघळणं हे रोजचंच. ओले कपडे, किडे, झाडांचा चीक, अपुरा आहार, संशय कशावरही घेता येत होता. आणि ॲटेब्रिन तर सगळेच घेत होते. त्यातल्या एखाद्यालाच चट्टे का यावेत?

डॉक्टरांनी नोंदी जुळवल्या तेव्हा धागा सापडला. ॲटेब्रिन न घेणाऱ्यांत हा आजार दिसतच नव्हता. पेशंटला मागं पाठवून गोळी बंद केली की चट्टे हळूहळू, कित्येक महिन्यांनी का होईना, उतरायचे. पुन्हा गोळी सुरू झाली की पुन्हा उठायचे. डोस आणि आजाराचं नातंही होतं. अमेरिकन सैन्यातल्या अनुभवावरून पुढं जे अंदाज मांडले गेले त्यानुसार रोज एक गोळी घेणाऱ्या साधारण दोन हजारांत एकाला हा त्रास झाला, तर रोज दोन गोळ्या घेणाऱ्या पाचशेत एकाला.

याहून वाईट गोष्ट म्हणजे काही थोड्या सैनिकांचं रक्त तयार होणंच बंद पडलं. ॲप्लास्टिक ॲनिमिया. त्या काळात हा आजार म्हणजे बहुतेक वेळा मृत्यूच. यातल्या बऱ्याच जणांना आधी अंगावर हेच चट्टे आले होते. म्हणजे कातडी आधी धोक्याची घंटा वाजवत होती. आणि कित्येक वर्षांनी काही मोजक्या माजी सैनिकांच्या त्याच जुन्या जागी त्वचेचा कॅन्सर झाल्याचंही नोंदवलं गेलं.

तरीही गोळी सुरूच राहिली. हिशोब थंडपणे मांडला तर उत्तर एकच येत होतं. गोळी बंद केली तर हजारातले कित्येकशे मलेरियानं पडणार. सुरू ठेवली तर हजारो माणसांत एखाद्याची कातडी जाणार आणि त्याहून कमी जणांचा जीव. सैन्यानं दुसरा पर्याय निवडला. ज्याच्या अंगावर चट्टे उठले त्याला मात्र हा पर्याय कुणी विचारला नव्हता. तो आजारी नव्हता. हुकूम होता म्हणून तो गोळी गिळत होता.

खोटारडे ठरवलेले सैनिक

युद्ध संपत आलं असताना या हिशोबाला आणखी एक धक्का बसला. १९४५ मध्ये न्यू गिनीच्या ऐतापे-वेवाक भागात लढणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मलेरिया अचानक भडकला. गोळी तर सुरू होती. मग असं कसं?

सगळ्यांनी बोट दाखवलं ते सैनिकांकडे. पोरं गोळ्या थुंकतायत, शिस्त ढिली पडलीय. केर्न्सचे आकडे सांगत होते की गोळी घेतली तर ताप येणारच नाही. म्हणजे ताप आला तर सैनिक खोटं बोलतोय. कमांडर आणखी कडक झाले, परेडवर नजर वाढली, डोस वाढवले गेले. मलेरिया हटेना.

शेवटी या भागातले काही आजारी सैनिक केर्न्सला आणले गेले. त्यांचे जंतू डासांमार्फत स्वयंसेवकांच्या अंगात सोडले आणि त्या स्वयंसेवकांना डोळ्यांसमोर रोज गोळी दिली. त्यांनाही मलेरिया झाला. म्हणजे सैनिक खरं बोलत होते. तिथला फाल्सिपेरम जंतूच नेहमीच्या डोसला दाद देत नव्हता. औषधाला न जुमानणाऱ्या मलेरियाचा हा सुरुवातीच्या काळातला पक्का पुरावा होता.

ज्या केंद्राच्या आकड्यांमुळं सैनिकांवर आळ आला, त्याच केंद्रानं तो पुसला. युद्धाच्या अखेरीस तिथंच पालुड्रीन म्हणजे प्रोग्वानिल या नव्या औषधाच्याही चाचण्या झाल्या. त्यानं कातडी पिवळी होत नव्हती.

शेवटची वर्षं

युद्धानंतर फेअर्ली लंडनला परतले. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राध्यापक झाले. रॉयल सोसायटीचे फेलो ते आधीच, १९४२ साली झाले होते. १९५० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पण शरीर साथ देत नव्हतं. तब्येतीमुळं १९४९ मध्येच त्यांनी प्राध्यापकी सोडली. १९ एप्रिल १९६६ रोजी इंग्लंडमधल्या सॉनिंग गावी त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा गॉर्डन हाही नावाजलेला कॅन्सरतज्ज्ञ होता. १९७५ मध्ये लंडनमध्ये आयआरएनं दुसऱ्याच कुणासाठी ठेवलेल्या बॉम्बमध्ये तो मारला गेला.

आता परत त्या पहिल्या प्रश्नाकडे. मलेरियाची गोळी ल्युपसवर कशी?

लाखो माणसांनी वर्षानुवर्षं ॲटेब्रिन घेतल्यानं डॉक्टरांना तिची चांगलीच ओळख झाली होती. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज या ब्रिटिश डॉक्टरनं ल्युपसच्या पेशंटना हीच मेपाक्रीन देऊन बघितली. चेहऱ्यावरचे चट्टे चक्क कमी झाले. एकीकडे ज्या गोळीनं सैनिकांची कातडी बिघडवली तीच दुसऱ्यांची कातडी सुधारत होती. त्यानंतर त्याच कामासाठी क्लोरोक्वीन वापरलं गेलं आणि १९५५ पासून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. पिवळेपणा नाही, त्रास कमी. मेपाक्रीन मागं पडली.

पण जुना हिशोब या गोळीलाही चुकलेला नाही. वर्षानुवर्षं जास्त डोस घेतला तर ही गोळी डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करू शकते. म्हणून आजही संधिवाताचे डॉक्टर ती लिहून देताना पेशंटचं वजन बघून डोस ठरवतात आणि ठरावीक काळानं डोळे तपासून घ्यायला सांगतात. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर ती मनानं बंद करायची नाही आणि डोळ्यांची तपासणीही चुकवायची नाही.